सहा महिने डोळ्यात राहणाऱ्या औषधाबद्दल : औषध महानियंत्रकांस खुले पत्र

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक
तसेच नेत्रविकारविषयक तज्ज्ञ समितीचे सर्व सदस्य,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

विषय : डोळ्यात टोचायच्या हायड्रोजेल औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट देण्याबाबत

महोदय,

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझे औषधांचे दुकान होते. आता ते मुलगा पाहतो आणि मी गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशा करतो. मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. पण डोळ्याच्या पडद्याची इंजेक्शने बाजारात आली तेव्हापासून ती आमच्या फ्रिजमधून गेली आहेत आणि ती न्यायला येणारी माणसे मी पाहत आलो आहे. तेवढ्या अधिकारावर एकच मागणी करतो. डोळ्यात टोचल्यावर महिनोन्महिने आत राहून थोडे थोडे औषध सोडणारी हायड्रोजेल उद्या आपल्यासमोर मंजुरीला येतील. तेव्हा केवळ परदेशात मंजूर झाली एवढ्यावर त्यांना इथली चाचणी माफ करू नका.

माफ करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे आणि तो अलीकडे बराच सैलावला आहे. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांतल्या नियम १०१ खाली ७ ऑगस्ट २०२४ रोजी आदेश निघाला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ इथे मंजूर झालेल्या पाच प्रकारच्या औषधांना इथली चाचणी माफ होऊ शकते. दुर्मीळ आजार, जनुक व पेशी उपचार, महासाथ आणि संरक्षण दलांची विशेष गरज, या चारांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पाचवा प्रकार आहे प्रचलित उपचारापेक्षा लक्षणीय सरस असलेल्या नव्या औषधांचा. जेल त्याच दारातून येणार. दर महिन्याच्या सुईऐवजी सहा महिन्यांतून एक सुई, याहून सरस ते काय, असे कंपनी म्हणेल आणि समितीतल्या कुणालाही ते चटकन पटेल.

मला ते का पटत नाही हे सांगण्याआधी, आपल्याखेरीज जे कुणी हे पत्र वाचतील त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

मधुमेहाने किंवा वयोमानाने पडद्याच्या मधोमध रक्तवाहिन्या झिरपू लागतात, सूज येते, सरळ रेघ वाकडी दिसते. यामागे व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो आणि त्याला अडवणारे औषध थेट डोळ्यात टोचतात. रॅनिबिझुमॅब अमेरिकेत २००६ साली मंजूर झाले, अफ्लिबरसेप्ट २०११ साली. आमच्या शेजारच्या अहमदाबादच्या इन्टासने २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या तोडीची प्रत, भारतात आणली. आणि कॅन्सरसाठी बनलेले बेव्हासिझुमॅब छोट्या मात्रांत वाटून डोळ्यासाठी वापरतात, कारण ते परवडते. अमेरिकेतल्या कॅट चाचणीने २०११ मध्येच दाखवून दिले होते की वार्धक्यातल्या पडद्याच्या विकारात दृष्टी राखण्यात ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे आहे.

अडचण अशी की ही औषधे डोळ्यात टिकत नाहीत. मात्रा असते ०.०५ मिली, जेमतेम थेंबभर. ती डोळ्याच्या पोकळीतल्या सुमारे ४ मिली व्हिट्रियस नावाच्या पारदर्शक गरात मिसळते आणि हळूहळू वाहून जाते. रॅनिबिझुमॅब तर नऊएक दिवसांत निम्मे उरते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा टोचणे आले. दर वेळी जंतुसंसर्गाची धास्ती असते, ती दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखादीच घटना असली तरी. गुजरातेत ही धास्ती लोकांना चांगलीच आठवते. जानेवारी २०१६ मध्ये इथल्या काही रुग्णांना बेव्हासिझुमॅबनंतर डोळ्यात संसर्ग झाला, आपल्याच कार्यालयाने देशभर इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर तो मागे घेतला. मधल्या काळात आमच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचे ते आम्हालाही कळत नव्हते.

पण डोळे जातात ते बहुतेक वेळा संसर्गाने नाही. माणूस परत येत नाही म्हणून जातात.

पहिल्या इंजेक्शनला अख्खे घर येते. डभोईहून, पाद्र्याहून, छोटा उदेपूरकडून बस बदलत आलेली माणसे दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन दुकानात येतात. बिल बघून बाहेर जातात, आपसात बोलतात आणि परत आत येतात. दुसऱ्या वेळी मुलगा आणि आई. तिसऱ्या वेळी मुलगा एकटा, तोही डॉक्टरांची पुढची तारीख विचारण्यापेक्षा आमच्याकडचा भाव विचारायला. ‘आईला आता दिसतंय की काका, दिवाळीनंतर बघू.’ दिवाळी येते, जाते. पडद्याचे दुखणे दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. दाढ दुखली की माणूस रात्री अकराला दुकानाचे शटर वाजवतो. पडदा सुजला तर दुसऱ्या डोळ्यावर काम चालवतो.

हा प्रकार केवढा मोठा आहे? आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट इंडिया पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर परिणाम दिसला आणि ४ टक्क्यांची दृष्टीच धोक्यात होती. यांतल्या प्रत्येकाला इंजेक्शन लागत नाही. पण ज्यांना लागते त्यांनी दर महिन्याला यावे अशी आपल्याकडची एसटी नाही, पगार नाही आणि घरेही नाहीत.

म्हणून जेलची कल्पना मला मनापासून आवडते. पाण्यात न विरघळणारे पण पाणी धरून ठेवणारे धाग्यांचे जाळे, म्हणजे हायड्रोजेल. फालुद्यातल्या सब्जाच्या बीभोवती फुगून येणारा बुळबुळीत थर हे निसर्गाने केलेले हायड्रोजेलच. डोळ्यातले व्हिट्रियससुद्धा तेच : ९८-९९ टक्के पाणी, बाकी कोलॅजन आणि हायल्युरॉनिक आम्ल. डोळा मुळात जेलने भरलेला आहे, त्यामुळे तिथे आणखी थोडे जेल सोडावे हे ओघाने सुचणारेच होते. जाळ्यात औषध अडकवायचे; जाळे झिजत जाईल तसे ते सुटत राहील.

डोळ्याची आणि हायड्रोजेलची ओळखही जुनी आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्तर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलाच्या खेळण्यातल्या मेर्कुर संचाचे भाग जोडून घरीच यंत्र केले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. अमेरिकेत अशा लेन्सना मंजुरी मिळाली १९७१ मध्ये. डोळ्याच्या बाहेर बसणारी, हाताने काढून ठेवता येणारी वस्तू, तरी दहा वर्षे गेली.

आताची जेल आत राहायची आहेत. ऑक्युलर थेराप्युटिक्स या अमेरिकी कंपनीचे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे जेल मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतला छेद बंद करण्यासाठी २०१४ मध्ये मंजूर झाले. २०१८ मध्ये तसल्याच जेलमध्ये स्टेरॉइड भरून अश्रुनलिकेत बसवायची डेक्सटेन्झा आली. ती ३० दिवसांपर्यंत औषध सोडते. आता तीच कंपनी ॲक्झिटिनिब हे व्हीईजीएफचे काम अडवणारे औषध भरलेला कोरडा तंतू डोळ्याच्या पोकळीत टोचते. आत गेल्यावर तो पाणी शोषून मऊ होतो आणि महिनोन्महिने झिजत राहतो. वार्धक्यातल्या पडद्याच्या विकारासाठी त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्या २०२४ मध्ये सुरू झाल्या. इतर ठिकाणी वेगळे मार्ग चालू आहेत. कुणी थंड असताना पातळ आणि शरीराच्या उबेने घट्ट होणारी जेल करतो, कुणी सुईतून दाबाने पातळ होऊन बाहेर पडताच पुन्हा जमणारी. सिंगापूरच्या एका गटाने तर २०१९ मध्ये प्राण्यांच्या डोळ्यांत सुटलेला पडदा जागेवर बसवायला असले जेल वापरून दाखवले. आज त्यासाठी डोळ्यात सिलिकॉन तेल भरले की ते नंतर काढावे लागते, वायू भरला की रुग्णाला दिवसचे दिवस पालथे झोपावे लागते. त्या छळाला हा पर्याय ठरू शकतो.

आता माझा मुद्दा. लांब मुदतीच्या औषधाच्या चाचणीत माणसाला सुई सहा महिन्यांनी लागते, पण तपासणी साधारण दर महिन्याला होते. पडद्याची जाडी मोजली जाते, अक्षरांचा तक्ता वाचून घेतला जातो, बिघाड दिसला की मधेच जुन्या औषधाचे इंजेक्शन देऊन डोळा सावरला जातो. रुग्णाला आणायला-सोडायला गाडी असते, तारीख चुकली तर फोन येतो. हे योग्यच आहे, चाचणी अशीच करायची असते. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की सहा महिन्यांचे जेल पहाऱ्यात ठेवलेल्या डोळ्यात चालते. आमच्याकडे ते सहा महिने बिनपहाऱ्याचे असतील. उलट ‘आता सहा महिने बघायला नको’ हेच त्या औषधाचे मुख्य आकर्षण म्हणून घराघरात पोहोचेल आणि ज्या तपासण्या आज निदान इंजेक्शनच्या निमित्ताने होतात त्याही बंद पडतील.

परत न येणाऱ्या रुग्णाला जेलची सर्वांत जास्त गरज आहे. आणि जेलने काही बिघडवले तर ते सर्वांत उशिरा कळेल तेही त्याच्याच डोळ्यात. हा तिढा परदेशातल्या आकड्यांनी सुटणारा नाही, कारण तो माणूस त्या आकड्यांत नाहीच.

असा माणूस आकड्यांत घेतला की निष्कर्ष कसा उलटतो, याचे उदाहरण आहे. फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मधुमेहाने पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या आणि उपचारानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ गायब झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. परत आले तेव्हा ज्यांना फक्त इंजेक्शने दिली होती त्यांचे डोळे, ज्यांना जुन्या पद्धतीचे लेसर केले होते त्यांच्यापेक्षा वाईट अवस्थेत होते. पडदा ओढला जाऊन सुटण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. वेळेवर येणाऱ्यांत इंजेक्शन लेसरपेक्षा कमी ठरत नाही. न येणाऱ्यांत लेसर जिंकते, कारण एकदा केलेले लेसर रुग्णाच्या हजेरीवर अवलंबून नसते. मधुमेहींसाठीचे जेल आपल्यापुढे आले तर त्याची तुलना लेसरशी झाली आहे का, हे आपण विचारायलाच हवे. तुलना २ मिलिग्रॅम अफ्लिबरसेप्टशी झालेली असेल, जे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या खिशापलीकडचे आहे. इथे प्रत्यक्षात वापरले जाते ते बेव्हासिझुमॅब. ‘प्रचलित उपचारापेक्षा सरस’ ठरवायचे तर आमचा प्रचलित उपचार तो आहे.

दुसरी गोष्ट, बाहेर काढण्याची. आजचे इंजेक्शन डोळ्यात मानवले नाही तर चार-सहा आठवडे कळ काढली की सुटका होते. सहा महिन्यांचे जेल मानवले नाही तर? स्टेरॉइडचे विरघळणारे रोपण २००९ पासून वापरात आहे आणि त्याने काहींच्या डोळ्याचा दाब चढतो हे डॉक्टरांना ठाऊक आहे. तो थेंबांनी आवरतात, पण त्यासाठी माणूस तपासायला यावा लागतो. पुन्हा तेच. जेलचे धागे तुटताना काय तयार होते, सुरुवातीच्या दिवसांत औषध एकदम जास्त सुटते का, तुकडा नजरेच्या आड येतो का, शेवटी उरलेल्या रिकाम्या जाळ्यावर दुसरे इंजेक्शन दिले तर काय, हे सगळे प्रश्न कंपन्यांना माहीत आहेत. उत्तरे मात्र वर्ष-दोन वर्षांनीच कळतात.

मंजुरीनंतर काय काय निघते याची दोन ताजी उदाहरणे आपल्यासमोर आहेतच. ब्रोल्युसिझुमॅब या व्हीईजीएफ अडवणाऱ्या नव्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचण्यांत १,८०० हून अधिक रुग्ण होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि २०२० च्या सुरुवातीलाच तिथल्या रेटिना तज्ज्ञांच्या संघटनेला पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बंद पडल्याच्या घटनांबद्दल सभासदांना सावध करावे लागले. दुसरे सस्व्हिमो : डोळ्याच्या भिंतीत बसवायची, पुन्हा भरता येणारी रॅनिबिझुमॅबची टाकी. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंजूर, तीही मासिक इंजेक्शनांपेक्षा डोळ्यातला संसर्ग तिप्पट असल्याचा ठळक इशारा छापून. वर्षभरात टाकीच्या तोंडावरचे बूच सरकत असल्याचे दिसले आणि कंपनीने स्वतःच नव्या रोपणांना विराम दिला. सुधारणा करून २०२४ मध्ये ती परत आली. या दोन्ही वेळी तिथली यंत्रणा जागी होती म्हणून बिघाड लवकर पकडला गेला. आमच्याकडे छोटा उदेपूरच्या आजीचा डोळा लाल झाला तर ती आधी गावातल्या मेडिकलमधून थेंब आणेल. तिच्या डोळ्यात काही टोचले होते हे त्या दुकानदाराला कोण सांगणार?

आता माझ्या धंद्यातली बाब, जी डॉक्टरांच्या समितीत कदाचित निघणार नाही. आजची इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. ती थर्माकोलच्या डब्यात, निळ्या थंड पाकिटांत घालून येतात. (त्या पाकिटांतही जेलच असते, असो.) आता उबेने घट्ट होणाऱ्या जेलचा विचार करा. या प्रकारात ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रयोग झाले त्यांपैकी एक, पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलमाइड, सुमारे ३२ अंशांना पालटते. युरोपात एवढी ऊब बहुधा शरीरात गेल्यावरच मिळते. बडोद्यात तो मार्चमधली दुपार आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. डबा स्टेशनबाहेर तासभर उन्हात राहिला तर सिरिंजमधले जेल आतच जमेल. पुन्हा थंड केल्यावर पातळ होते हे खरे. पण दोन-तीनदा जमून-वितळून आतले प्रथिन धड राहते का आणि ३० गेजच्या बारीक सुईतून पूर्ण मात्रा बाहेर पडते का, हे कुणी आमच्या हवेत तपासले आहे? कोरडा तंतू या बाबतीत मला जास्त भरवशाचा वाटतो, जरी त्याला जरा जाड सुई लागते. हा फरक मंजुरीच्या कागदात ‘साठवणुकीचे तापमान’ या एका ओळीत विरून जाऊ नये. पाकिटावर उष्णता लागल्यास रंग बदलणारी खूण सक्तीची करा. लसींच्या बाटल्यांवर ती कित्येक वर्षे आहे, गावातली नर्ससुद्धा ती वाचते.

एक तांत्रिक फट आणखी. औषध नसलेले जेल, म्हणजे व्हिट्रियसच्या जागी भरायचे, हे वैद्यकीय उपकरण गणले जाईल आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली दुसऱ्याच टेबलावर जाईल. डोळ्याला मात्र टेबल एकच. दोन्ही प्रकार याच समितीच्या नजरेखालून जावेत.

इथे चाचणी करणे म्हणजे उशीर, असे कुणी म्हणेल. मान्य, वर्ष-दीड वर्षाचा उशीर होईल. पण आपण काही रिकाम्या हाताने बसलेलो नाही. २०२२ मध्ये डुकराच्या कातडीतल्या कोलॅजनपासून बनवलेल्या पारपटलाच्या (कॉर्नियाच्या) चाचणीत भारत आणि इराणमधले २० रुग्ण होते आणि भारतातले काम एम्समध्ये झाले. बडोद्यात प्रयोगशाळा असलेल्या स्पार्क या सन फार्माच्या संशोधन कंपनीने बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचे परिरक्षक न वापरलेले काचबिंदूचे थेंब विकसित करून २०१८ मध्ये अमेरिकेची मंजुरी मिळवली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकवले जाते, सयाजी रुग्णालयात रोज डोळ्यांच्या ओपीडीला रांग असते. या रांगेतले शंभर-दोनशे लोक घेऊन चाचणी करायची म्हटली तर माणसांची कमतरता नाही, बुद्धीचीही नाही.

आणि संपूर्ण चाचणी मागणे आपल्याला जड वाटत असेल, तर निदान एवढे करा. सूट देताना विक्री सुरू झाल्यानंतरच्या चौथ्या टप्प्याच्या चाचणीची हमी आपण घेताच. ती हमी जेलच्या बाबतीत नेमकी करा. त्या चाचणीत निम्मे तरी रुग्ण तालुक्याच्या बाहेरचे आणि मधुमेही असावेत. त्यांना दर महिन्याला गाडी पाठवून आणू नये. ते नेहमी येतात तसे येऊ द्यावेत, न आल्यास सहाव्या महिन्याला त्यांच्या घरी जाऊन डोळा तपासावा. बिघाड आढळला तर उपचाराचा खर्च कंपनीचा. प्रत्येक रुग्णाला गुजराती किंवा मराठीत, जी त्याची भाषा असेल तीत, खिशात मावेल असे कार्ड द्यावे : कोणत्या डोळ्यात काय टोचले, कधी, केव्हापर्यंत आत राहील, डोळा लाल झाला किंवा अंधारले तर कुठे जायचे. ते कार्ड पाहिल्याशिवाय गावातला दुकानदार स्टेरॉइडचे थेंब देणार नाही, अशी सूचना आम्हा औषधविक्रेत्यांनाही काढा. आमच्यातले काही जण ती पाळणार नाहीत, हे मीच सांगतो. पण पाळणारेही बरेच निघतील.

समितीच्या बैठकांतल्या शिफारशी आपल्या संकेतस्थळावर येतात. मी त्या वाचतो, मुलगा हसतो. डोळ्यातल्या पहिल्या हायड्रोजेलचे नाव त्यात येईल, तेव्हा ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णांच्या डोळ्यांचे काय झाले याचा तपशील कंपनीकडे मागितल्याची नोंद त्याच परिच्छेदात असावी, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
दांडिया बाजार, बडोदे